मोडलेल्या मनगटाचा व्यायाम शिकवणार कोण?

पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात किंवा न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पाय घसरला, की माणूस आपसूक हात टेकतो आणि अंगाचा सगळा भार मनगटावर येतो. कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने येणारे रेडियस हे हाड मनगटाजवळ मोडण्याची ही नेहमीची तऱ्हा. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांमध्ये ती विशेष आढळते. डॉक्टर हाड जागेवर बसवतात, प्लास्टर घालतात, गरज पडल्यास तारा किंवा प्लेट टाकतात. पाच-सहा आठवड्यांनी एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसते, प्लास्टर निघते आणि घरच्यांच्या लेखी दुखणे संपते. रुग्णाचे मनगट मात्र त्या दिवशी ताठर, सुजलेले आणि अशक्त असते. त्याला पुन्हा कामाला लावणारा व्यायाम शिकवणे हा हाड बसवण्याइतकाच उपचाराचा भाग आहे. तो हात मोडला त्याच दिवशी सुरू व्हायला हवा आणि तो कोणी शिकवायचा हे आपल्या आरोग्यव्यवस्थेने नेमून द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या दिवसापासून का, हे समजायला अवघड नाही. मोडलेल्या हाडाला स्थिरता लागते. त्याच हातातल्या बाकीच्या सांध्यांना हालचाल लागते. प्लास्टर मनगटाला जखडते, पण बोटे, अंगठा आणि खांदा मोकळे असतात. प्लास्टर तळहातावरच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपवले असेल तर मूठही पुरती वळते. सूज आलेली बोटे आठवडाभर हलवलीच नाहीत तर ती आखडतात. हात रात्रंदिवस झोळीत अडकवून ठेवला तर खांदाही धरतो. म्हणून दिवसातून अनेकदा मूठ पूर्ण वळायची, बोटे पूर्ण उघडायची, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा, हात डोक्यावर न्यायचा आणि बसता-झोपताना उशीवर उंच ठेवायचा. अंगठ्या आणि बांगड्या सूज चढण्याआधीच उतरवायच्या. प्लास्टर निघाल्यावर मनगट वर-खाली करणे, कोपर कमरेला टेकवून तळहात उताणा-पालथा करणे, नमस्कारासारखे तळवे जोडून हात हळूहळू खाली नेणे हे व्यायाम येतात. हाड पक्के झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले की फडका पिळणे, कणीक मळणे अशी जोराची कामे सुरू करायची. यासाठी एकही यंत्र लागत नाही. कोणीतरी पाच-दहा मिनिटे बसून हे करून दाखवावे लागते आणि रुग्णाकडून करून घ्यावे लागते, एवढेच.

हाड कसे बसवावे यावर वैद्यकशास्त्राने खूप काम केले आहे. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या आठ दशके आधी, या अस्थिभंगाचे नेमके वर्णन केले. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बराच वेळ लागला तरी पुढे हाताची हालचाल परत येते, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. त्यानंतर प्लास्टर बरे, तारा बऱ्या की प्लेट बरी, यावर चाचण्यांमागून चाचण्या झाल्या. ब्रिटनमधील ड्राफ्ट-२ या चाचणीत ५०० प्रौढ रुग्णांचे हाड बसवून काहींना नुसते प्लास्टर घातले, काहींना तारा टाकल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्लास्टरवाल्यांपैकी १३ टक्क्यांचे हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकून त्यांना शस्त्रक्रिया करावी लागली. वर्षअखेरीस मात्र दोन्ही गटांतील मनगटे जवळपास सारखीच चालत होती. हाड धरून ठेवण्याची रीत बदलूनही वर्षाने हात सारखाच चालत असेल, तर मधल्या महिन्यांत रुग्ण त्या हाताचे काय करतो याकडे निदान तितकेच लक्ष द्यायला हवे. ते आपण देत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप पुराव्याचाच आहे आणि तो टाळून चालणार नाही. प्रौढांमधील मनगटाच्या अस्थिभंगानंतरच्या पुनर्वसनाचा कॉक्रेन आढावा, म्हणजे अनेक चाचण्यांचा एकत्रित पडताळा, २०१५ मध्ये आला. त्यात २६ चाचण्या आणि १,२६९ रुग्ण होते, आणि कोणत्याही एका पद्धतीची सरशी सिद्ध करण्याइतका पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २००९ साली जर्मन संशोधकांनी प्लेट बसवलेल्या रुग्णांची तुलना केली. सहा आठवड्यांनी घरी लेखी सूचनांवरून व्यायाम करणाऱ्यांची पकड धडधाकट हाताच्या निम्म्याहून थोडी अधिक भरली, तर फिजिओथेरपीच्या सत्रांना जाणाऱ्यांची सुमारे एक तृतीयांश. २०११ साली ९४ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीतही स्वतः व्यायाम करणाऱ्यांच्या मनगटाची हालचाल सहा महिन्यांनी किंचित अधिक होती. तेव्हा व्यायामोपचाराचा एवढा आग्रह कशाला, असे कोणी विचारील.

पण या जर्मन आणि अमेरिकी चाचण्यांत तुलना कोणाची कोणाशी झाली ते पाहिले पाहिजे. एका गटाला व्यवस्थित शिकवून घरी पाठवले होते, दुसऱ्याला शिकवून वर सत्रेही दिली होती. हात गळ्यात बांधून निमूट बसलेला, कोणीच काही न सांगितलेला रुग्ण या दोन्ही गटांत नव्हता. ऑस्ट्रेलियात २००८ साली ५६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मात्र प्लास्टर किंवा तारा काढल्यावर एका गटाला सल्ला आणि व्यायाम दिला, दुसऱ्याला काहीच दिले नाही. मनगटाच्या हालचालीत मोठा फरक पडला नाही. पण तीन आठवड्यांनी पहिल्या गटाचे दुखणे कमी होते आणि रोजची कामे अधिक जमत होती. हे सगळे पुरावे एकत्र वाचले की दिशा कळते. नीट शिकवणे आणि रुग्णाने स्वतः करणे हा उपचाराचा गाभा आहे. साध्या अस्थिभंगात त्यावर रोजच्या सत्रांची भर घातल्याने फारसे हाती लागत नाही.

मग फिजिओथेरपिस्टची गरज नाही, असे म्हणावे काय? मुळीच नाही. व्यायाम शिकवणे, रुग्ण तो चुकीचा करत नाही ना हे पाहणे आणि कोणाचा हात वाट चुकतो आहे हे ओळखणे ही त्यांचीच कामे आहेत. दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल, त्वचा चकाकत असेल, हाताचा रंग आणि ऊब बदलत असेल, बोटांची मूठच वळत नसेल, अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटे बधिर होत असतील किंवा अंगठा एकाएकी उचलेनासा झाला असेल, तर त्या रुग्णाला घरच्या कागदावर सोडणे धोक्याचे आहे. अशांना डॉक्टरांनी लगेच तपासायला हवे, त्यांच्यापैकी अनेकांना तज्ज्ञाची दीर्घ सोबत लागते. जिथे सत्रांचा वेळ नुसता मेणाच्या शेकात आणि यंत्रांच्या तारा लावण्यात जातो, तिथे तो वेळ या गरजू रुग्णांच्या वाट्याला यायला हवा. शेकाने घटकाभर बरे वाटते. हालचाल मात्र रुग्णालाच करावी लागते.

आपल्याकडचे रुग्ण घरी व्यायाम करत नाहीत, असा दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळी घेतात. त्यात तथ्य आहे, पण त्याचे खापर आळसावर फोडणे अन्यायाचे आहे. हाड पुन्हा सरकेल ही भीती खरी असते. ती ‘बोटे हलवत राहा’ या चिठ्ठीवरच्या एका ओळीने जात नाही. कोणते दुखणे ताणाचे आणि कोणते धोक्याचे, हे सांगणारे कोणी नसले की रुग्ण एक तर हात जपून ठेवतो, नाही तर मालिशवाल्याकडून जोराने ओढून घेतो. दोन्हींत हाताचे नुकसान आहे. शिवाय व्यायामाची सांगड रुग्णाच्या कामाशी घातली पाहिजे. मनगटाच्या दुखण्याची जगभर वापरली जाणारी इंग्रजी प्रश्नावली सुरीने मांस कापता येते का, बाथरूममधला टिश्यू वापरता येतो का, असे विचारते. आपल्या बाईला भाकरी थापायची असते, पातळ पिळायचे असते, पाण्याची कळशी उचलायची असते, ओंजळीत पाणी घ्यायचे असते. तळहात उताणा करण्याचा व्यायाम हाताने जेवण्यासाठी आहे हे तिला उमगले, तर ती तो विसरणार नाही.

राहिला प्रश्न जबाबदारीचा आणि पैशांचा. आयुष्मान भारत योजनेचा भर दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा खर्च ती १५ दिवसांपर्यंत धरते आणि बाह्यरुग्ण उपचार तिच्या कक्षेत नाहीत. मनगटाचा व्यायाम खऱ्या अर्थाने वाढवायचा तो प्लास्टर निघाल्यावर, म्हणजे ही मुदत टळून बरेच दिवस गेल्यावर. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना या योजनेत घेतले आहे. ज्यांची मनगटे मोडतात त्यांच्यात याच वयाचे लोक मोठ्या संख्येने असतात. मागणी फार खर्चाची नाही. प्लास्टर घालणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने त्याच वेळी व्यायाम करून दाखवावा आणि मराठीतले सचित्र पत्रक हाती द्यावे. आठ-दहा दिवसांनी हाड तपासायला बोलावतात तेव्हा बोटांची मूठही तपासावी. प्लास्टर निघताना फिजिओथेरपिस्टची एक भेट आणि महिन्याने दुसरी भेट उपचाराच्या पॅकेजातच धरावी. ज्या तालुक्यात फिजिओथेरपिस्ट नाही, तिथे परिचारिकेला हे प्रशिक्षण द्यावे.

याचा लाभ मनगटापुरता राहणार नाही. उतारवयात साध्या पडण्याने मनगट मोडले, तर पुढे खुब्याचे हाड मोडण्याचा धोका साधारण दुपटीने वाढतो, आणि खुब्याचे मोडणे अनेकांना कायमचे परावलंबी करते. म्हणून प्लास्टर निघण्याच्या भेटीत हाडांची घनता, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची विचारपूस व्हायला हवी आणि पायांत बळ व तोल आणणारे व्यायामही तिथेच सांगायला हवेत. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार व्यायामाने ज्येष्ठांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. इथे पुरावा भक्कम आहे. मनगट मोडलेली साठीची बाई तेव्हा दवाखान्यात आलेलीच असते, ऐकून घ्यायला तयार असते. तिला प्लास्टर कापून नुसते घरी पाठवणे म्हणजे पुढचा मोठा अपघात टाळण्याची हाती आलेली संधी दवडणे आहे, आणि ती रोज दवडण्याचे कोणतेही सबळ कारण आपल्या आरोग्य खात्याकडे नाही.