मार्चएंडचा माल

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतींत बेअरिंग, व्ही-बेल्ट, ऑइल सील विकणाऱ्या स्टॉकिस्टाचं गोडाऊन भरलेलं असतं आणि गिऱ्हाईकाला हवा तोच माल नसतो. खापर बहुधा स्टोअरवाल्यावर नाहीतर जुन्या सॉफ्टवेअरवर फुटतं. माझ्या मते दोष कंपनीने लावलेल्या टार्गेटचा आहे. टर्नओव्हर डिस्काउंट ठरतं ते वितरकाने किती विकलं यावर नव्हे, किती उचललं यावर. शिवाय टार्गेट रुपयांत, त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हमखास खपणारा मालच उचलला जातो. 6205 ची बेअरिंगं पेट्यांनी येतात. जुन्या यंत्राचं आडमापी सील राहून जातं, कारण बँकेतल्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्याची मर्यादा संपलेली असते. एप्रिलमध्ये ऑर्डरी थंडावल्या की कारखान्याला वाटतं मागणीच पडली, आणि तो उत्पादन आखडतो. गिऱ्हाईकाच्या मागणीतला लहानसा बदल साखळीत मागे जाताना कसा फुगत जातो, हे एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी 1961 मध्येच मांडलं होतं. आपण तर तो बदल स्कीम लावून स्वतःच घडवतो.

सूट सोडायची कशी, असं व्यापारी विचारेल. सहा महिन्यांचा माल एकदम घेऊन 3 टक्के सुटले असं धरू. माल सरासरी तीन महिने पडून राहणार. व्याज वर्षाला 12 टक्के असेल तर सूट तिथेच फिटली. गोडाऊनचं भाडं वेगळं, आणि रबर पडून पडून कडक होतं ते आणखी वेगळं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पुरवठ्याचा भरवसा नाही, म्हणून साठा लागतोच. खरं आहे. रोज 10 नग खपणारा माल नेमाने 7 दिवसांत येत असेल तर 70 नग उरल्यावर ऑर्डर टाकून भागतं. कधी 7, कधी 21 दिवस लागत असतील तर 210 धरून बसावं लागतं. वरचे 140 नग ही बेभरवशाची किंमत. पण कबूल तारखेला माल आला की नाही, याची नोंद किती दुकानांत असते? ती नसेल तर कंपनीशी भांडायचं कशाच्या जोरावर?

कंपन्यांनी डिस्काउंट वितरकाने पुढे केलेल्या विक्रीवर द्यावं, दर तिमाहीला. वितरक यालाही बिचकतात: विक्रीचा हिशेब दाखवताना गिऱ्हाईकं उघडी पडली तर कंपनी त्यांना थेट माल देईल. ही भीती अगदीच पोकळ नाही. पण उत्पादन आखायला माप आणि नग कळले की पुरे, गिऱ्हाईकांची नावं हवीत कशाला?