गाडी भंगारात गेली तरी हक्क भंगारात जात नाही

‘गाडीच्या विम्याचा आणि चळवळीचा काय संबंध?’ असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. ज्यांच्या दारात गाडी शोभेला उभी असते, त्यांनी तो खुशाल विचारावा. आमच्या मुकुंदवाडीत, भीमनगरात, मिलिंदनगरात दारातली गाडी म्हणजे घराची चूल आहे. वाळूजच्या कंपन्यांत कामगार पोचवणारी, शाळेची पोरं सोडणारी, रात्री स्टेशनवर भाडं शोधणारी ही गाडी कर्जावर घेतलेली असते. बीड बायपासला ती ट्रकखाली चेपली की नुसता पत्रा चेपत नाही, घर बसतं. म्हणून हा प्रश्न आमचाच आहे.

पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी गॅरेजात ओढून नेतात. सर्व्हेअर येतो, फोटो काढतो, जातो. काही दिवसांनी फोन येतो, ‘गाडी टोटल लॉसमध्ये गेली, सही करून टाका, पैसे येतील.’ हिशेब कोणी दाखवत नाही आणि आपणही मागत नाही. कंपनीने दिलं ते उपकार समजून घेतो. आमचा विरोध आहे तो या उपकाराच्या भाषेला. हप्ता आपण भरला आहे. हा करार आहे, दान नव्हे.

आता हिशेब पाहू. पॉलिसीवर गाडीची ठरवलेली किंमत छापलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा आणि गाडी उचलून आणण्याचा एकूण खर्च या किंमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी टोटल लॉस धरायची, असा नियम आहे. तेव्हा पॉलिसी चालू असताना ‘गाडी जुनी झाली, बाजारात आता एवढी किंमत नाही’ असं म्हणून कंपनीला आयडीव्ही पुन्हा कापता येत नाही. घसारा आधीच धरलेला असतो.

समजा आयडीव्ही चार लाख आहे. म्हणजे सीमारेषा तीन लाखांची. खर्च तीन लाख वीस हजार निघाला तर गाडी टोटल लॉस. पण अंदाज खाली ओढून दोन लाख पंच्याण्णव हजारांवर आणला, की गाडी दुरुस्तीत बसते. मग प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो आणि उरलेलं बिल मालकाच्या माथी येतं. ही रेषा कोणत्या बाजूला ओढली जाते, यावर एका कुटुंबाचं वर्ष ठरतं. म्हणून गॅरेजचा अंदाजपत्रक आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. सर्व्हेअरचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीपकुमार या खटल्यात सांगून ठेवलं आहे.

दुसरी मेख भंगाराच्या किंमतीत आहे. टोटल लॉसमध्ये आयडीव्हीतून भंगाराची किंमत वजा करून गाडी तुमच्याच गळ्यात मारली जाते. कंपनीने भंगार नव्वद हजारांचं धरलं, तर हातात तीन लाख दहा हजार येतात. गाडीवर दोन लाख ऐंशी हजारांचं कर्ज असेल, तर फायनान्स कंपनी ते आधी घेते. उरतात तीस हजार. आणि भंगारवाला प्रत्यक्षात साठच हजार देतो! म्हणजे भंगार फुगवून धरल्याने तीस हजारांचा फटका बसला. आमचं म्हणणं साधं आहे: भंगार नव्वद हजारांचं आहे असं कंपनी म्हणत असेल, तर तिनेच ते नव्वद हजारांना उचलावं. नाहीतर घेणारा लेखी दाखवावा.

तिसरी गोष्ट जिवावर बेतणारी आहे. भंगारवाला गाडी नेतो, आरसी मात्र तुमच्याच नावावर राहते. तीच गाडी ठाकठीक होऊन रस्त्यावर आली आणि तिने कोणाला उडवलं, तर नोटीस तुमच्या दारात येते. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात ठरवलं आहे. म्हणून गाडी कायमची निकामी असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवा. विकली असेल तर नावाचं हस्तांतर पूर्ण करा.

आणि आमच्यातल्या अनेकांकडे तर फक्त थर्ड पार्टी विमा असतो, कारण कायद्याने तेवढाच सक्तीचा आहे. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला मानवंदनेसाठी गेलेल्या आपल्या लोकांच्या गाड्या फोडल्या, जाळल्या. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्याच शहरात, शहागंज-राजाबाजार भागात गाड्या पेटल्या. दंगलीतलं नुकसान फुल इन्शुरन्समध्ये येतं, थर्ड पार्टीत दमडी मिळत नाही. ज्याला जास्तीचा हप्ता झेपत नाही, त्याचीच गाडी सगळ्यात आधी उघड्यावर पडते.

बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये विमा ही राज्याची मक्तेदारी असावी अशी मागणी केली होती. खासगी कंपनीपेक्षा राज्याची हमी माणसाला अधिक सुरक्षा देते, हा त्यांचा मुद्दा होता. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, १९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडलं. सरकारी कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत, हे आम्ही जाणतो. पण विम्यामागे नफा उभा करायचा की माणसाची सुरक्षा, हा बाबासाहेबांचा प्रश्न अजून जिवंत आहे.

तोवर लढाई कागदावर लढायची. कोऱ्या कागदावर सही करू नका. पैसे घ्यावेच लागले तर ‘हक्क राखून स्वीकारले’ असं लिहा. दबावाखाली केलेल्या सहीने हक्क संपत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा, तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. किंवा दोन वर्षांच्या आत आपल्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तिथे भरलेल्या हप्त्यावरून फी ठरते, पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे.

एकट्याने गेलं की फोनवरच वाटेला लावतात. रिक्षा स्टँडवर, विहारात, टॅक्सीवाल्यांच्या बैठकीत ही पॉलिसी एकत्र बसून वाचा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे बाबासाहेबांनी फक्त भाषणात वापरायला सांगितलेलं नाही.

जय भीम!