वकीलसंघ आणि घरचा उंबरठा

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, हें वचन आमच्या घरांत तीन पिढ्या ऐकविलें जात आहे. आमच्या आजोबांनीं तें इतकें मनावर घेतलें होतें कीं, हद्दीच्या वादांत आंब्याचीं दोन झाडें त्यांनीं शेजाऱ्यास देऊन टाकलीं, पण कल्याणचें कोर्ट पाहिलें नाहीं. त्यांचें तें शहाणपण खोटें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तथापि आपण कोर्टाची पायरी चढलों नाहीं तरी एखादे दिवशीं कोर्टच आपल्या घराची पायरी चढून येतें, आणि त्या वेळीं काय करावें हें मात्र त्या वचनांत कोठेंच सांगितलेलें नसतें.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या पालेगांवांतच असें घडलें. अंबरनाथच्या पूर्वेस असलेलें हें गांव. आज येथें उंच इमारती उभ्या आहेत, आणि सकाळच्या लोकल गाडीची वेळ हेंच गांवाचें पंचांग होऊन बसलें आहे. आमच्या शेजारीं एक एकत्र कुटुंब राहतें. वयोवृद्ध यजमान, दोघे मुलगे, दोघी सुना आणि नातवंडें. यजमान काशीस व तेथून परतवाटेनें मुलीकडे नागपुरास गेले असतां एके दुपारीं कोर्टाचा बेलिफ दारीं आला. घरांत थोरली सून एकटी होती. यजमान केव्हां येतील म्हणून त्यानें विचारलें. तीन महिने तरी येत नाहींत, असें तिनें खरें तेंच सांगितलें. त्यांच्या वतीनें कागद घेणारा कोणी मुखत्यार आहे काय, यासही नाहीं म्हणाली. मग बेलिफानें समन्स व दाव्याची नक्कल तिच्या हातीं दिली, सही घेतली व तो निघून गेला. सुनेनें ते कागद नीट घडी करून देवघराच्या खणांत, विजेच्या बिलांखालीं ठेवून दिले.

बाई पदवीधर आहे, घरीं मुलांच्या शिकवण्या घेते. पुढें आम्हीं विचारलें तेव्हां म्हणाली, "काका, कागद मामंजींच्या नांवाचे. ते मीं कसे वाचावे? आणि यात्रेच्या वाटेवर फोन करून त्यांच्या जिवाला घोर तरी कशाला लावावा?" या उत्तरांत दोष काढावा असें आमच्या मनांत येईना. चांगल्या वळणाच्या घरांत वाढलेल्या मुलीनें दुसरें काय करावयाचें?

यजमान परत आले तों साडेतीन महिने लोटले होते. चुलतभावानें गांवाकडील जमिनीच्या वांटपाचा दावा लावला होता, आणि प्रतिवादी हजर नाहीं म्हणून काम एकतर्फी चालविण्याचा हुकूमही होऊन गेला होता.

येथें कायदा काय म्हणतो तें थोडक्यांत सांगतों, कारण एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या प्रत्येकास त्याचा उपयोग आहे. प्रतिवादी घरीं नसेल, वाजवी काळांत भेटण्याचा संभव नसेल व त्याचा मुखत्यारही नसेल, तर त्याच्यासह राहणाऱ्या कुटुंबांतील कोणाही सज्ञान माणसास समन्स देतां येतें, व तें त्यालाच पोंचलें असें धरलें जातें. घरगडी हा मात्र कुटुंबांतील माणूस धरीत नाहींत. कागद घेण्याचें नाकारलें तर तो घराच्या दारास चिकटवितात. तेव्हां "आम्ही घेतलाच नाहीं" या बाणेदारपणाचा उपयोग शून्य. समन्स पोंचल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यावयाची असते. कारण दाखविल्यास ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढते, आणि त्यापुढें वेळ मिळविणें फार जड जातें. १९०८ च्या मूळ दिवाणी संहितेंत समन्स घेणारा माणूस पुरुषच असला पाहिजे असें होतें. १९७६ च्या दुरुस्तीनें तेथें स्त्रीही आली. म्हणजे सुनेच्या सहीला सासऱ्याच्या सहीइतकें मोल येऊन पन्नास वर्षें होत आलीं. परंतु ही वार्ता सुनेपर्यंत नेण्याचें काम कोणाचें, हें त्या दुरुस्तींत कोणीं लिहिलें नाहीं.

हाच प्रश्न मनांत घोळत असतां अमेरिकेंतील एका संमेलनाची माहिती आमच्या वाचनांत आली. तें संमेलन वकिलांचें नव्हे. वकीलसंघांच्या पदरीं जे प्रसिद्धीचें काम करणारे नोकर असतात त्यांचें. तिकडे वकीलसंघांच्या कारभाऱ्यांची एक राष्ट्रीय संस्था आहे. संघाचें मासिक काढणारे, वृत्तपत्रांस माहिती देणारे, लोकांसाठीं पत्रकें लिहिणारे असे लोक तिच्या एका शाखेंत एकत्र येतात व आपली कार्यशाळा भरवितात. प्रथम आम्हांस हंसूं आलें. बोलणें हाच ज्यांचा धंदा, त्यांना आपल्या वतीनें बोलण्यासाठीं पगारी माणूस कशाला लागावा? पण शेजारच्या देवघरांतील तो खण आठवला आणि हंसूं मावळलें. न्यायाधीशापुढें बोलणें ही एक विद्या आहे आणि उंबरठ्यावर उभ्या असलेल्या सुनेशीं बोलणें ही दुसरी. पहिली येते त्यास दुसरी येतेच असें नाहीं.

अमेरिकेची व आमची स्थिति मात्र सारखी नाहीं, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. तेथें १९७७ सालीं ॲरिझोना संस्थानांतील एका खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें वकिलांस जाहिरात करण्याची मोकळीक दिली. तेव्हांपासून तिकडे रस्त्याच्या कडेच्या फलकांवर वकिलांचीं चित्रें झळकतात. आमच्याकडे भारतीय वकील परिषदेच्या छत्तिसाव्या नियमानें वकिलास जाहिरात वर्ज्य केली आहे. दारावरील पाटीसुद्धां बेताच्या आकाराची असावी असें तो नियम सांगतो. २००८ सालीं एवढीच सवलत मिळाली कीं, वकिलानें आपलें नांव, पत्ता, सनदेचा क्रमांक, शिक्षण व कोणत्या शाखेंत काम करतों तें संकेतस्थळावर द्यावें.

हा नियम आम्हांस सर्वथैव मान्य आहे, व तो कशासाठीं लागतो याचें उदाहरण आपल्या मुंबईंतच आहे. फौजदारी कोर्टाच्या दाराशीं कांहीं वकील येणाऱ्या पक्षकारांवर अक्षरशः तुटून पडतात व एकमेकांच्या हातून कामें हिसकावून घेतात, अशी तक्रार झाली. महाराष्ट्राच्या वकील परिषदेच्या शिस्त-समितीनें त्यांस दोषी ठरविलें. अखिल भारतीय परिषदेच्या समितीनें सोडून दिलें. तेव्हां राज्याची परिषद स्वतःच सर्वोच्च न्यायालयांत गेली. आपल्याच सभासदांविरुद्ध अपील करण्याचा अधिकार परिषदेस आहे काय, हा पहिला प्रश्न सात न्यायाधीशांपुढें निघाला. १९७५ सालीं त्यांनीं होय असें उत्तर दिलें. वकिली हा बाजारांतील व्यापार नव्हे, ही भूमिका त्या प्रकरणांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं ठासून मांडली. आपल्या धंद्याची लाज राखण्यासाठीं परिषदेनें दिल्लीपर्यंत जावें, हें आम्हांस भूषणावह वाटतें.

पण एकट्या वकिलाचें तोंड असें बांधल्यावर बोलावयाचें कोणीं? बोलेल तो संघच. संघास अशील मिळवावयाचा नसतो, त्यामुळें त्याच्या बोलण्यावर स्वार्थाचा वहीम येत नाहीं. १९६१ च्या वकील-कायद्यांत १९७३ सालीं जी भर पडली तींत कायद्याच्या विषयांवर व्याख्यानें घडविणें, नियतकालिकें प्रसिद्ध करणें व गरिबांस कायदेसाहाय्य देणें हीं राज्य-परिषदांचीं कामें म्हणून स्पष्ट घातलीं आहेत. तालुक्याच्या गांवच्या संघाकडे आपण पाहतों तेव्हां अध्यक्ष असतात, चिटणीस असतात, खजिनदार असतात. जुन्या निकालपत्रांनीं भरलेलें कपाट असतें. लोकांस समजेल असें चार ओळींचें पत्रक लिहिणारा माणूस मात्र आम्हीं अजून पाहिला नाहीं. संघाचा आवाज गांवास ऐकूं येतो तो बहुधा काम बंद ठेवण्याच्या ठरावांतून. गंमत अशी कीं, १७ डिसेंबर २००२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें वकिलांस संप करण्याचा हक्क नाहीं असा निकाल दिला, तेव्हां त्याच निकालांत वृत्तपत्रांस निवेदन द्यावें, दूरचित्रवाणीवर मुलाखती द्याव्यात, कोर्टाच्या आवाराबाहेर शांततेनें मोर्चे काढावे, असे बोलण्याचे मार्ग मोकळे ठेवले. बोलण्याची परवानगी म्हणावी तितकी मोठी आहे. वापर तेवढा थोडा.

वापर करावयाचा म्हटला तर आपले वकील काय करूं शकतात हें दक्षिण महाराष्ट्रानें दाखविलेंच आहे. कोल्हापुरास उच्च न्यायालयाचें खंडपीठ व्हावें म्हणून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकीलसंघांनीं चाळीस वर्षांहून अधिक काळ मागणी लावून धरली. सभा झाल्या, मोर्चे निघाले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. कामबंदीही झाली, तिचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण शेतकऱ्यापासून व्यापाऱ्यापर्यंत प्रत्येकास हा प्रश्न स्वतःचा वाटूं लागला होता. १८ ऑगस्ट २०२५ पासून तेथें फिरत्या पीठाचें काम सुरू झालें. मुंबईची वारी वांचावी यासाठीं जी वाणी चाळीस वर्षें थकली नाहीं, तिला समन्सचा कागद समजावून सांगणें अवघड जाईल असें आम्हांस वाटत नाहीं.

भाषेची अडचणही आतां सांगतां येणार नाहीं. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनें महाराष्ट्रांतील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. तरी संघांचीं जीं थोडीं पत्रकें आमच्या पाहण्यांत आलीं तीं बहुतेक इंग्रजींत, आणि जीं मराठींत होतीं तीं इंग्रजी बरें वाटावें इतकीं बोजड! पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांस महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणून ओळखतो, ते वकीलच होते. १८७० सालीं निघालेल्या सार्वजनिक सभेच्या मागें त्यांचीच खटपट होती, आणि त्या सभेनें आपसांतील तंटे मिटविण्यासाठीं लवाद-कोर्टेंही चालविलीं. खादी नेसून गांवकऱ्यांत बसणाऱ्या त्या वकिलास निराळा प्रसिद्धि-अधिकारी लागला नाहीं, हें खरें. पण तशीं माणसें शतकांत एखादेंच येतें. आमच्यासारख्यांनीं पगारी माणसावर समाधान मानावें.

आणि हें केवळ सोयीचें काम आहे असें कोणीं समजूं नये. ऑक्टोबर २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें एका प्रकरणाची आपण होऊन दखल घेतली. हरियाणांतील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्यास भामट्यांनीं खुद्द त्या न्यायालयाचे बनावट हुकूम दाखवून धाक घातला व एक कोटीहून अधिक रुपये उकळले. फोनच्या पडद्यावर पोलिसाचा वेष, मागें सरकारी खुर्ची, आणि "तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे" अशी धमकी. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यांत नाहीं. कोणतेंही कोर्ट फोनवरून पैसे भरावयास सांगत नाहीं. खऱ्या दाव्यास सोळा अक्षरांकांचा एक नोंदणी-क्रमांक असतो व तो ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर घालून पाहिला कीं खरेंखोटें कळतें. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावयाचें असतें. ज्या घरानें कोर्टाचा खरा कागद कधीं नीट पाहिलेला नाहीं त्यास खोटा कसा ओळखूं यावा? आमच्या शेजारच्या सुनेनें खरा कागद खणांत टाकला. अंबाल्याच्या दांपत्यानें खोटा कागद खरा मानला. कोर्ट म्हणजे ज्याविषयीं बोलूं नये असें कांहीं तरी, ही समजूत दोन्हीकडे सारखीच आहे.

अशा संमेलनाची कल्पना आपल्याकडे कोणीं मनावर घेतली तर विषयांस तोटा नाहीं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणें स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळूं शकतो. त्यासाठीं १५१०० हा फोन क्रमांक आहे. आम्हीं ओळखीच्या घरांत विचारून पाहिलें. एकीसही हें ठाऊक नव्हतें, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर दोन वर्षांपूर्वीं आम्हांसही नव्हतें. लोकअदालतींत तडजोड झाल्यास भरलेली कोर्ट-फी परत मिळते, ही गोष्ट तर पैशाची. तीही कोणी सांगत नाहीं. ठाणे जिल्ह्यांतील निरनिराळ्या संघांनीं प्रत्येकीं एक तरुण वकील व एक मराठी नीट लिहिणारा माणूस दोन दिवस एके ठिकाणीं बसवावा, आणि घरोघर लागणारीं दहा पत्रकें लिहवून घ्यावीं. भोजनखर्चास वर्गणी लागल्यास पालेगांवचीं चार घरें देतील. त्यांत आमचें धरावें.

शेजाऱ्यांच्या दाव्याचें पुढें काय झालें असें वाचक विचारतील. वकिलांनीं अर्ज दिला, यात्रेचीं तिकिटें व नागपुरच्या मुक्कामाचा पुरावा जोडला; न्यायाधीशांनीं खर्चाची रक्कम भरावयास लावून एकतर्फीचा हुकूम उठविला व कैफियत घेतली. दावा अजून चालूं आहे. यजमान सुनेस एका शब्दानेंही बोलले नाहींत. तिनें मात्र दाराआड स्वतःच्या हातानें लिहिलेला एक कागद लावला आहे. कोर्टाचा कागद कोणाच्याही नांवें आला तरी ज्यानें सही केली त्यानें त्याच दिवशीं तो उघडून वाचावा, तारीख दिनदर्शिकेंत लिहावी, आणि मामंजी काशीस असले तरी फोन करावा, असा त्यांतील मजकूर आहे. खालच्या मजल्यावरील तिघीजणी त्याची नक्कल करून घेऊन गेल्या. परवां वकिलांचे कारकून कांहीं सह्या घेण्यास आले असतां त्यांनीं तो वाचला, खिशांतून पेन काढलें व 'तारीख' या शब्दापुढें कंसांत भर घातली : पाकिटावरची नव्हे, आंतली, हजर राहण्याची.