मंदी अंगावर निघते

देवगाव फाट्यावर सकाळी अकराला उभं राहा. हॉटेलाच्या बाकड्यावर विशी-पंचविशीतली पोरं दिसतील. अर्धा कप चहा, एक पुडी, हातात मोबाईल. एसटी येते, जाते. यांना कुठंच जायचं नसतं. कुणी जालन्याच्या स्टील कारखान्यातून परत आलेला, कुणाला चाकणच्या ठेकेदारानं 'उद्यापासून येऊ नको' म्हणून सांगितलेलं. गावातली शहाणी माणसं म्हणतात, पोरं बिघडली.

आम्ही विचारतो, कुणी बिघडवली?

मित्रांनो, पेपरात मंदी आकड्यांत येते. २०२० च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षाच्या मानानं जवळजवळ चोवीस टक्क्यांनी आपटलं. त्याच काळात, ८ मे २०२० ला, जालन्याहून पायी घराकडं निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळावर झोपले आणि मालगाडीखाली चिरडले. मालकाचा तोटा होतो, मजुराचा जीव जातो. दोन्हीला एकच शब्द कसा पुरेल?

सरकारी गुन्हे नोंदणी खात्याचं रजिस्टर उघडा. २०१४ साली देशात आत्महत्या केलेल्या शंभरांत रोजंदारी मजूर बारा होते. २०२१ साली पंचवीसच्या वर गेले. ४२,००४ माणसं! रोजंदारीवर कोण जगतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पोरगं निदान फाट्यावर येऊन बसतं. पोरीला फाटासुद्धा नाही. घरातली कमाई आटली की आधी तिचं ताट आटतं, मग शाळा सुटते, मग वय व्हायच्या आत लग्न. कारण ऊसतोडीची उचल जोडीला मिळते, एका कोयत्याला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर बायांपैकी चौपन्न जणींच्या अंगात रक्त कमी निघालं, पुरुषांत बावीस. शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीपुढं आलेला हिशेब असा: पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बाया, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. खाडा पडला की मुकादम दंड कापतो. पाळीचा त्रास म्हणजे खाडा. मग पिशवीच काढून टाका! पोटासाठी पोटातला अवयव द्यायचा, ही कुठल्या अर्थशास्त्रात बसणारी गोष्ट आहे?

१९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारियनथाल गावात गिरणी बंद पडली. मारी याहोदा आणि तिच्या सोबत्यांनी ते गाव अभ्यासलं. बेकार पुरुषांची चाल मंद झाली होती, वेळेचं भान सुटलं होतं. बायांचा पगार गेला, पण घरकाम सुटलं नव्हतं. नव्वद वर्षांनी आपल्या फाट्यावर तेच दिसतं. इथं वर जातही बसलेली आहे. इथं शेवटी कामावर घेतलेला पहिला काढला जातो, आणि शेवटी कुणाला घेतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून आरोग्य शिबिरात टॉनिकच्या बाटल्या वाटून भागायचं नाही. व्यसनमुक्तीचं भाषण देणाऱ्यानं आधी सांगावं, दारू सुटल्यावर पोरानं सकाळी उठून जायचं कुठं? डॉक्टरच्या चिठ्ठीवर पहिलं औषध काम, दुसरं वेळेवर मजुरी. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आयाबायांनी खडी फोडली, मोर्चे काढले, तेव्हा कुठं १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. तो कुणाची भीक नव्हता.

दोस्तहो, शहरात राहून गावावर कविता करणं सोपं आहे. या सुट्टीत गावाकडं जाल तेव्हा एक वही न्या. नाव लिहू नका, वय लिहा. काम कधी गेलं? तेव्हापासून झोप किती, दारू किती, खोकला किती दिवसांचा? पोरींकडं पोरींनीच जावं. त्यांचं दुखणं आजवर कुणी विचारलेलं नाही. वही भरली की ती घेऊन सेलूच्या तहसीलवर जाऊ. तिथं आकडे आपण वाचू, ऐकायचं त्यांनी.

फाट्यावर बसलेल्या पोराला आळशी म्हणण्याआधी त्याच्या शेजारी बसा. त्याला उठवायचं असेल तर हात द्या, उपदेश नको.