एका बैठकीची गोष्ट

शिरोळसारख्या गावात कारखान्याची पाळी किंवा शेतातली मजुरी करून आलेल्या माणसाला रोजची लांबण लावणारी मालिका परवडत नाही. चार दिवस चुकले की धागा तुटतो. एका भागात संपणारी गोष्ट त्याला सोयीची. त्यात काळा विनोद असेल तर गोडी आणखी वाढते. हसता हसता अंगावर काटा येतो.

१९५८ साली अमेरिकेत हिचकॉकच्या मालिकेत अशी एक गोष्ट दाखवली. बायको गोठलेल्या मटणाच्या तंगडीने पोलीस अधिकारी नवऱ्याला मारते. मग तीच तंगडी शिजवून तपासाला आलेल्या पोलिसांना वाढते. पुरावा पोलिसांच्याच पोटात!

आपल्याकडे २०२१ मध्ये 'अजीब दास्तान्स' या चार गोष्टींच्या चित्रपटात नीरज घायवान यांची 'गीली पुच्ची' आली. कारखान्यात यंत्रावर राबणाऱ्या दलित भारतीला ऑफिसातली जागा हवी असते. ती मिळते ब्राह्मण प्रियाला. प्रियाच्या सासरी इतरांना चिनी मातीच्या कपात चहा, भारतीला मात्र स्टीलच्या भांड्यात. शेवटी भारती गोड बोलून असा डाव टाकते, की ती खुर्ची तिचीच होते. आपल्याला हसू येते, पण ते घशातच अडकते. कारण प्रियाही त्या घरात कोंडलेलीच असते.

अशी गोष्ट उपदेश करीत नाही, निवाडा आपल्यावर सोडते. म्हणून टीव्ही बंद केल्यावर घरात एकमेकांना एवढे जरूर विचारावे: आपण हसलो ते कुणावर? माजलेल्यावर, की पिचलेल्यावर?