दस्तुरीच्या पुढे गाडी नाही

माथेरानच्या एखाद्या लॉजला खोलीची चौकशी करणारा मेल पाठवला, तर उत्तर बहुधा दोन ओळींत येतं: खोली आहे, भाडं इतकं. त्याखाली मात्र जत्रा भरलेली असते. लॉजचं रंगीत बोधचिन्ह, तिरक्या अक्षरांतला इंग्रजी सुविचार, हा मेल गोपनीय असल्याची वकिली ताकीद, आणि शेवटी हिरवं झाड काढून केलेली विनंती की कागद वाचवा, हा मेल छापू नका. माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा झाडाचं कौतुक समजू शकतो. पण घाटात फोनची रेंज कधी जाईल याचा नेम नाही. इथे येणाऱ्याने तो मेल छापून खिशात ठेवलेलाच बरा.

अशी जत्रा सगळीकडच्या मेलखाली भरते, पण माथेरानला ती महाग पडते. कारण पाहुण्याला खरोखर हवी असलेली ओळ तिच्यात नसते. गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच येते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. पायी जा, घोडा करा, नाहीतर जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून शटल पकडा. मुंबई-पुण्याच्या नव्या पाहुण्याला हे ठाऊक नसतं आणि नाक्यावर जो पहिला भेटेल त्याचं तो ऐकतो. मार्च 2025 मध्ये माथेरानकरांनी बेमुदत बंद पुकारला, तो दस्तुरीवर होणाऱ्या पर्यटकांच्या दिशाभुलीवरूनच. त्यावर बैठका झाल्या, आश्वासनं मिळाली. माझं म्हणणं त्यापेक्षा फारच किरकोळ आहे: प्रत्येक लॉजने आपल्या मेलच्या सिग्नेचरमध्ये, म्हणजे मेलखाली आपोआप येणाऱ्या मजकुरात, ही ओळ घालावी. पाहुणा घरून निघण्याआधीच त्याच्यापर्यंत पोचणारी दुसरी फुकटची जागा मला तरी माहीत नाही.

सिग्नेचर किती मोठी असावी, याचा संकेत जुना आहे. इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचं जे टिपण ऑक्टोबर 1995 मध्ये निघालं, त्यात चार ओळींपेक्षा जास्त नको असं म्हटलं होतं. तेव्हा लोक इंटरनेटचे मिनिटाच्या हिशेबाने पैसे मोजत होते. दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा देऊन सिग्नेचर मजकुरापासून वेगळी करण्याची पद्धतही त्याच जमान्यातली. शिवकालीन पत्रांत शेवटी मर्यादा मुद्रा उमटवत, म्हणजे लेखन इथे संपलं आणि खाली कुणी काही घुसडायचं नाही. रेघांचं काम जवळपास तेच. थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम त्या आपोआप घालतो, आणि उत्तर देताना समोरच्याच्या मेलमधला रेघांखालचा मजकूर वगळतो.

चार ओळी अशा. लॉजचं नाव. पत्ता, माथेरान 410102. फोन. आणि 'गाडी दस्तुरीपर्यंतच. पुढे पायी, घोडा किंवा अमन लॉजहून शटल'. लॉज कंपनीच्या नावावर असेल तर पाचवी ओळ लागेल, कारण 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 12 व्यावसायिक पत्रांवर नोंदणीकृत पत्ता आणि कंपनीचा ओळख क्रमांक मागतं. सुविचार कुठलाच कायदा मागत नाही.

जुन्या आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, मेल, सिग्नेचर्स असा रस्ता आहे. नव्यात सेटिंग्ज, अकाउंट्स, सिग्नेचर्स. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जच्या पहिल्याच पानावर चौकट आहे, तिथे थेट लिहायचं. आउटलुकवाल्यांची नेहमीची तक्रार असते की सिग्नेचर केली पण मेलमध्ये येत नाही. नुसती करून भागत नाही. त्याच खिडकीत नव्या मेलला कोणती आणि उत्तराला कोणती हे निवडावं लागतं, नाहीतर तिथे 'नन' बसलेलं असतं. नव्या मेलला चारही ओळी द्या, उत्तराला फक्त नाव आणि फोन. चौकशीचं पहिलं उत्तर हेही आउटलुकच्या लेखी उत्तरच, तेव्हा त्या एका मेलला मोठी सिग्नेचर हाताने निवडायची.

बोधचिन्हाचा मोह सोडवत नसेल तर निदान फोन नंबर चित्रात कोंबू नका. चित्रातल्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही, आणि मेल प्रोग्रॅमने चित्र अडवलं तर तिथे रिकामी चौकट दिसते. मराठीत लिहायचं तर युनिकोडमध्येच. व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्याच्या फाइलमधला मजकूर उचलून चिकटवला आणि तो जुन्या फॉन्टातला निघाला, की पाहुण्याकडे भलतीच चिन्हं पोचतात.

फोनवर व्हॉट्सॲप असताना हा काउंटरवरच्या संगणकाचा खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतील. पावसाळ्यात माथेरानला राहिलेला माणूस हे विचारणार नाही. मेल प्रोग्रॅमने उतरवून घेतलेले मेल संगणकातच असतात. नेट गेलं तरी जुनं बुकिंग उघडता येतं, उत्तर लिहून आउटबॉक्समध्ये ठेवता येतं, आणि नेट आलं की ते निघतं.

पावसाळ्यावरून आणखी एक. आउटलुकमध्ये एकाहून अधिक सिग्नेचर ठेवता येतात, आणि त्याचा उपयोग माथेरानइतका क्वचित कुठे असेल. नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत बंद असते, अमन लॉजची शटल तेवढी चालते. तेव्हा एक सिग्नेचर 'पावसाळा' नावाने करायची, दुसरी 'हंगाम' नावाने. दरडीने मार्ग तुटला तर तिसरी. 2019 च्या पावसात तुटलेला नेरळ-माथेरान मार्ग पूर्ण सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडलं. एवढा काळ कुणाच्या सिग्नेचरमध्ये 'नेरळहून टॉय ट्रेनने या' असं राहिलं असेल, तर त्या पाहुण्यांनी नेरळ स्टेशनवर त्याला काय म्हटलं असेल? हातरिक्षाचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने 6 ऑगस्ट 2025 ला हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, म्हणून 'सामानासाठी हातरिक्षा मिळेल' ही ओळ असेल तर आजच खोडावी.

बुकिंग पोर्टलवरून येणाऱ्या पाहुण्याला मात्र यातलं काही दिसत नाही, त्याला पोर्टलचाच छापील मेल जातो. त्याचा ईमेल पत्ता हाती लागला, तर लॉजने आपल्या संगणकावरून एक ओळीचा मेल टाकावा: बुकिंग मिळालं. खालच्या चार ओळी आपोआप जातील.