राखावे कोणाला, सोडावे कोणाला

2024 च्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता न्यू जर्सीला मुलाकडे होतो. एका रविवारी सकाळी त्याने चहाच्या कपाशेजारी एक कागद सरकवला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही आयुष्यभर कर्जाचे प्रस्ताव तपासलेत. हा एक बघा. याला कीपर ठेवू की देऊन टाकू?"

कीपर म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे सय्यद किरमाणी उभा राहतो. पण कागदावर नाव होते सॅक्वॉन बार्कली आणि खेळ होता अमेरिकन फुटबॉल. तोही मैदानावरचा नव्हे, कागदावरचा. तिकडे त्याला फॅन्टसी फुटबॉल म्हणतात.

मला तो समजला भिशीच्या वाटेने. बारा मित्र, बारा गावी विखुरलेले. दर ऑगस्टच्या अखेरीस एका रात्री ते संगणकासमोर बसतात आणि पाळीपाळीने खऱ्या खेळाडूंतून आपापला संघ निवडतात. एकाने उचललेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. सप्टेंबरात खरे सामने सुरू झाले की त्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळतात. चेंडू घेऊन दहा यार्ड धावला की एक, टचडाउन केला की सहा. ही कल्पना निघाली 1962 साली. ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाक न्यूयॉर्कच्या हॉटेलात सोबत्यांबरोबर बसले असताना त्यांनी ती मांडली आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच घरी पहिली निवड झाली.

बहुतेक मंडळांत दरवर्षी पाटी कोरी होते. मुलाच्या मंडळात मात्र मागच्या संघातले दोन खेळाडू राखता येतात. तेच कीपर. पण फुकट नाही. ज्या फेरीत तो खेळाडू मुळात घेतला, ती फेरी सोडावी लागते. म्हणजे खेळाडू किती चांगला, हा प्रश्न अर्धाच आहे. त्याच्यासाठी हातचे काय जाते, हा उरलेला अर्धा. मुलाच्या एका मित्राकडे पुका नाकुआ होता. 2023 च्या खऱ्या निवडीत या पोराचा क्रमांक होता 177 वा. पहिल्याच हंगामात त्याने 105 झेल घेतले आणि 1,486 यार्ड मिळवले. नवोदितांमध्ये ते तेव्हाचे विक्रम ठरले. मित्राने त्याला शेवटच्या फेरीत उचलले होते, म्हणून राखायलाही शेवटचीच फेरी. आमच्या भाषेत, बाजारात बारा टक्के दर असताना चार टक्क्यांनी मिळालेले कर्ज. असा खेळाडू राखायला सल्लागार लागत नाही.

बार्कलीचे प्रकरण उलटे होते. 2018 साली न्यूयॉर्क जायंट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले आणि पहिल्याच वर्षी धावणे आणि झेल मिळून त्याने दोन हजारांवर यार्ड काढले. मुलगा त्याच वर्षी न्यू जर्सीत नोकरीला आला होता. त्याने बार्कलीला पहिल्या फेरीत घेतले. 2020 मध्ये दुसऱ्याच सामन्यात बार्कलीच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला. मित्र म्हणाले, सोड. याने सोडला नाही. दरवर्षी पहिली फेरी मोजत राहिला. 2023 मध्ये बार्कलीच्या धावेचे यार्ड भरले फक्त 962. मार्च 2024 मध्ये जायंट्सने त्याला जाऊ दिले आणि शेजारच्या फिलाडेल्फिया ईगल्सने उचलले. वय 27. धावणाऱ्या खेळाडूच्या पायांची उतरण याच सुमारास सुरू होते. अशात डॅलसच्या मित्राने अदलाबदल सुचवली: बार्कली मला दे, एक तरुण झेल घेणारा खेळाडू आणि माझी दुसरी फेरी तू घे.

"सहा वर्षं सांभाळलाय, बाबा," मुलगा म्हणाला.

मला आमचे सोनेतारणाचे टेबल आठवले. बायका पाटल्या काढून ठेवत आणि हळूच सांगत, आजेसासूबाईंच्या आहेत. आमचा सराफ मान हलवी आणि वहीत वजन व कस एवढेच लिही. आजेसासूबाईंचा रकाना वहीत नव्हता. 1990 साली काहनेमन, नेच आणि थेलर या तिघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉर्नेल विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांना साधे कप दिले आणि विकायचा भाव विचारला. तो घेणाऱ्यांच्या भावाच्या सुमारे दुप्पट निघाला. नुकत्याच हाती आलेल्या कपाची ही कथा, मग सहा वर्षे सांभाळलेल्या खेळाडूची काय!

दुसरीही आठवण होती, जरा कडू. एका घाऊक व्यापाऱ्याचे खाते वीस वर्षे स्वच्छ होते. त्या पुण्याईवर मी त्याची मर्यादा वाढवून दिली. बाजार पालटला होता, ते मी पाहिले नाही. खाते बुडाले, माझी चौकशी झाली, बढती रखडली. तेव्हापासून मी मागच्या कामगिरीला भुलत नाही. मी मुलाला सांगितले, "देऊन टाक." त्याने दिला.

पुढचे अमेरिकेला ठाऊक आहे. त्या हंगामात बार्कली 2,005 यार्ड धावला. एका हंगामात दोन हजार ओलांडणारा तो नववा. 20 ऑक्टोबरला जुन्या संघाविरुद्ध, न्यू जर्सीच्याच मैदानावर, 176. आणि 9 फेब्रुवारी 2025 ला, त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, फिलाडेल्फियाने सुपर बोल जिंकला. मित्रमंडळाची भिशी अर्थातच डॅलसला गेली. मुलाने फोनवर एवढेच सांगितले, "तो जिंकला, बाबा." रागावला असता तर बरे वाटले असते.

एका निकालावरून निर्णयाला नावे ठेवू नयेत, असे म्हणतात. नावाजलेला खेळाडू विकणे ही चूक असतेच असे नाही. 1989 साली डॅलस काउबॉयजने हर्शेल वॉकर मिनेसोटाला दिला, बदल्यात खेळाडू आणि निवडीचे हक्क घेतले आणि 1992 ते 1995 या चार हंगामांत तीन अजिंक्यपदे मिळवली. पण माझे समाधान होत नाही, कारण मी प्रस्ताव पुरता वाचलाच नव्हता. बार्कलीचे वय पाहिले, मागचे आकडे पाहिले. त्याच्यापुढे वाट मोकळी करून देणारी फिलाडेल्फियाची भक्कम फळी पाहिली नाही. व्यापाऱ्याच्या वेळी मी भूतकाळाला बक्षीस दिले, बार्कलीच्या वेळी शिक्षा केली. दोन्ही वेळा मान मागेच वळलेली.

सौ.चे मत वेगळे. "अहो, रविवारी तिघं पिढ्या मिळून त्याच्यासाठी ओरडत होतात, त्याची काही किंमत?" नातवाकडे बार्कलीचा निळा सदरा होता, 26 नंबरचा. मी हसण्यावारी नेले. नंतर आठवले की सोनेतारणात सर्वांत आधी सुटत त्या आजेसासूबाईंच्याच पाटल्या. सराफाच्या वहीत नसलेला रकाना बायकांच्या मनात पक्का होता. कर्जात तो धरायचा नसतो हे खरे, पण बारा मित्रांच्या खेळात जिव्हाळ्यासाठी थोडे जास्त मोजले तर बिघडले कुठे? मोजतो आहोत याची जाणीव हवी, इतकेच. पुढे काय मिळेल, त्यासाठी काय सोडावे लागेल आणि माया किती, हे तीन आकडे वेगळे लिहावेत. आपण बेरीज आधी करतो आणि आकडे मागाहून जुळवतो.

2025 च्या ऑगस्टमध्ये मुलाने बार्कली परत मागितला. डॅलसच्या मित्राने दिला होता त्याच्या दुप्पट भाव सांगितला. कॉर्नेलचा कप आता त्याच्या हातात होता.

"मग?" मी विचारले.

"नको म्हटलं." मुलाने फोन नातवाकडे वळवला. पोराच्या अंगात नवा सदरा होता. फिलाडेल्फियाचा, हिरवा. नंबर तोच, 26.